पत्र्याची धार

यंत्रमागांच्या एका गावात एक वृद्ध वायरमन राहत होते. अण्णाप्पा मगदूम त्यांचे नाव, पण सारा गाव त्यांना अण्णा म्हणे. वयामुळे शिडी चढणे त्यांनी सोडले होते. तरीही नव्या कारखान्यात वीज पहिल्यांदा सुरू करायची झाली, की जाणते मालक त्यांना बोलावून घेत आणि एकवार नजर फिरवायला सांगत. अण्णा भिंतीवरून गेलेल्या पाइपावर तळहात ठेवून सावकाश चालत. जिथे पाइप हातासरशी हलला तिथे थांबत आणि म्हणत, "इथं अजून एक क्लिप मार."

त्यांच्या हाताखाली अनेक जण शिकून गेले. प्रल्हाद लोहार हा त्यांतला शेवटचा. आता तो पस्तिशीचा होता, स्वतःची कामे स्वतः घेत होता, तरी अडले की अण्णांच्या कट्ट्यावर येऊन बसत असे. अण्णांची शिकवण थोडकीच होती. तार उघडी राहू नये, लोंबू नये आणि लोखंडाच्या कडेवर कधीही टेकू नये.

"माग चालू असताना भिंतीला हात लावून बघ," ते सांगत. "सगळी शेड थरथरत असते. आपल्याला त्याची सवय होते, तारेला होत नाही. पत्र्याची धार तिच्या अंगावर दिवसभर करवतीसारखी फिरत राहते. म्हणून तार पत्र्यातून न्यायची तर धार आधी कानशीनं घासायची, मग तिथं रबरी बुश बसवायचा आणि मगच तार ओवायची. घाई असली तरीसुद्धा."

प्रल्हादने हे मनावर घेतले होते. रायगोंडा पाटील यांच्या शेडचे वायरिंग त्याने केले, तेव्हा अण्णांना त्यात एकच वळण पुन्हा करायला सांगावेसे वाटले. एरवी सगळी केबल पाइपातून गेलेली होती, प्रत्येक मागाला अर्थिंग होते, आणि कुठे गळती झालीच तर क्षणात वीज तोडणारा ब्रेकर मेन स्विचजवळ बसवलेला होता. त्या शेडमध्ये प्रल्हादच्या गल्लीतलेच एक जोडपे कामाला होते. केरबा माग चालवी. त्याची बायको मालन मागच्या बाजूला बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरी. त्यांना एक मुलगी होती, शाळेत जाणारी. मालन प्रल्हादला भाऊजी म्हणे आणि सणावाराला त्याच्या घरी वाटीभर काहीतरी पाठवी.

पुढे दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली. रायगोंडांनी कांड्या भरायचे एक जुने यंत्र विकत आणले आणि ते शेडच्या मागच्या पत्र्याच्या आडभिंतीला लागून ठेवले. प्रल्हादला त्यांनी निरोप पाठवला होता, पण तो दुसऱ्या गावी कामावर होता. दोन दिवस थांबा, असे त्याने कळवले. रायगोंडा थांबले नाहीत. कुणीतरी येणारा-जाणारा माणूस धरून त्यांनी लाईन ओढून घेतली.

प्रल्हाद परतल्यावर पाहायला गेला, आणि आडभिंतीपाशी येताच जागच्या जागी थांबला. छिन्नीने पत्रा फोडून एक छिद्र पाडलेले होते. त्याच्या कडा वाकड्यातिकड्या, बाहेर आलेल्या होत्या. त्यातून वायर तशीच ओढून घेतली होती. बुश नव्हता, पाइप नव्हता. नव्या यंत्राला अर्थिंग दिलेले नव्हते. लाईन मेन स्विचवरूनच थेट उचललेली होती, त्यामुळे प्रल्हादने बसवलेला ब्रेकर तिच्या वाटेत येतच नव्हता.

"मालक, हे चालणार नाही," तो म्हणाला. "वायर पत्र्यावर घासतीय. हे आत्ता काढू द्या. दुपारपर्यंत नीट करून देतो."

"दुपारपर्यंत म्हणजे अर्धी पाळी गेली की," रायगोंडा म्हणाले. ते वाईट मनुष्य नव्हते. कामगारांच्या घरच्या कार्याला जात, आजारपणात विचारपूस करत. पण त्या दिवशी ट्रक दाराशी उभा होता आणि त्यांचे चित्त त्या ट्रकपाशी होते. "माल जाऊ दे, प्रल्हाद. माल गेला की शेड बंद ठेवतो आणि तुला पाहिजे तसं करून घेतो. मी नाही म्हणतोय का?"

प्रल्हादच्या हातात पक्कड होती. ती दोन तारांवर दाबली असती तर काम तिथेच थांबले असते. त्याच्या मनात ते आलेही. पण मालकाने नको म्हटले असताना त्याच्या कारखान्याची वीज तोडायची, म्हणजे त्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही. शिवाय कांड्या भरणाऱ्या बायकांची पाळी बुडणार, त्या काय म्हणतील? मालक नंतर करून घेतो म्हणतोच आहे. असा विचार करत त्याने पक्कड पिशवीत टाकली. जाताना तो नव्या यंत्रावर बसलेल्या मालनपाशी वाकला आणि म्हणाला, "वहिनी, त्या पत्र्याला हात लावू नका. लांबच बसा जरा."

मालन हसली. "भाऊजी, लांब बसून कांड्या कशा भरू? हात काय रबराचं हाईत व्हय माझं?"

तोही हसला आणि निघून गेला.

तो ट्रक गेला, पण दिवाळीचा सगळा माल जायच्या आधीच, तिसऱ्या दिवशी, मालन गेली. मागांच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेले असते. त्या ओल्या जमिनीवर ती सकाळपासून बसली होती. जेवणाच्या सुट्टीला उठताना गुडघ्याला कळ लागली म्हणून तिने आधाराला पत्र्यावर हात टेकला. तोवर धारेने वायरीचे कवच कापून आत मजल मारली होती आणि सबंध पत्र्यात वीज उतरलेली होती. तिच्या तोंडून हाकसुद्धा निघाली नाही. केरबा धावत आला तेव्हा शेजारच्या मागवाल्याने त्याला फळीने बाजूला लोटले, म्हणून तो तरी वाचला. कुणीतरी मेन स्विच पाडला. सगळे माग एकदम थांबले. गेल्या कित्येक वर्षांत भर दिवसा ती शेड इतकी शांत झालेली नव्हती.

पंचनामा झाला. वीज निरीक्षक येऊन गेले. प्रल्हादने त्यांना सगळे खरे सांगितले: लाईन कशी होती, त्याने मालकाला काय सांगितले, मालक काय म्हणाले. रायगोंडांनी नाकारले नाही. ते एका खुर्चीवर मान खाली घालून बसून होते. गावात जो तो प्रल्हादला म्हणू लागला, "तू तर आधीच सांगितलं होतंस. तू तुझं काम केलंस बाबा." हॉटेलात म्हणाले, देवळात म्हणाले, घरी बायकोनेही तेच म्हटले. ऐकून ऐकून प्रल्हादला ते जवळजवळ खरे वाटू लागले होते.

दिवसकार्य होऊन दोन आठवडे उलटल्यावर तो केरबाकडे बसायला गेला. माणसे पांगली होती. मुलगी आतल्या खोलीत आत्याजवळ होती. केरबा भिंतीला टेकून बसला होता. मग त्याने विषय काढला.

"तू तिला सांगितलं हुतंस म्हणं. त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाली, भाऊजी पत्र्याला भ्यालेत. लई हसली."

"होय केरबादा. मी मालकाला पण सांगितलं होतं. म्हटलं, हे काढा…"

"व्हय. कळलं मला." केरबाच्या आवाजात राग नव्हता. न समजलेली गोष्ट समजून घ्यावी तसे तो विचारत होता. "म्हंजे तुला दिसलं हुतं. ह्यानं माणूस मरंल, हे तुला ठावं हुतं."

"होय."

"आणि पक्कड तुझ्याजवळ हुती."

प्रल्हादला पुढे बसवेना. तो उठला आणि चपला घालायलाही विसरून रस्त्यावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अण्णांकडे गेला आणि हत्यारांची पिशवी त्यांच्या उंबऱ्यापाशी ठेवली. "अण्णा, ही ठेवून घ्या. मी हे काम सोडलं. कुठंतरी हमाली करीन." आणि त्याने केरबाचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. त्याला वाटले होते, अण्णा तरी म्हणतील की केरबा दुःखात आहे, त्याचे मनावर घेऊ नकोस.

अण्णा तसे काही म्हणाले नाहीत. त्यांनी ऐकून घेतले, आत जाऊन टोपी घातली आणि म्हणाले, "पिशवी उचल. माझ्याबरोबर चल."

ते त्याला रायगोंडांच्या घरी घेऊन गेले आणि शेडची किल्ली मागितली. रायगोंडा महिन्याभरात फार वाळले होते. त्यांनी माग विकून टाकले होते. कोर्टाचे जे व्हायचे ते होईल, पण त्या जागेत पुन्हा पाऊल टाकायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. शेड उतरवायचे कामही त्यांनी देऊन टाकले होते. "अण्णा, तिथं आता काय राहिलंय?" त्यांनी विचारले. "साहेब लोक बघून, फोटो घेऊन गेले. वीज तोडली. उद्या-परवा पत्रे उतरवायला माणसं येतील."

"म्हणूनच आज आलो," अण्णा म्हणाले.

शेड रिकामी होती. माग जिथे होते तिथे तेलाचे काळे चौकोन उरले होते. अण्णा थेट मागच्या आडभिंतीपाशी गेले. ती वायर पंचनाम्यात गेली होती, नुसते छिद्र उरले होते. अण्णा भुईवर बसले, प्रल्हादच्या पिशवीतून कानस काढली आणि त्या छिद्राची कड घासू लागले.

प्रल्हाद पाहत राहिला. त्याला वाटले, अण्णांना काहीतरी तपासायचे असेल. पण ते तपासत नव्हते. नव्या कामावर शिकाऊ माणसाला दाखवावे तसे, वाकडे आलेले एकेक टोक ते शांतपणे बसवत होते. मध्येच कानस निसटली आणि त्यांचे बोट धारेवर गेले. रक्त आले. त्यांनी ते धोतराला पुसले आणि पुन्हा घासू लागले.

"अण्णा, काय करताय?" प्रल्हाद म्हणाला. "यातून आता तार जाणार नाही. लाईन तोडलीय. हा पत्रासुद्धा उद्या इथं नसंल."

अण्णा घासत राहिले.

"अण्णा! कशासाठी चाललंय हे? कुणाला दाखवायला?" त्याचा आवाज रिकाम्या शेडमध्ये घुमला. आजवर तो अण्णांशी कधी असे बोलला नव्हता. "आता घासून काय उपयोग? हे तेव्हा घासायला पाहिजे होतं! ती बसली होती इथं, जिवंत! मी इथं उभा होतो, इथं, आणि मी…"

तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला. अण्णांनी त्याला रडू दिले. त्यांनी त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही. त्याचे रडणे ओसरल्यावर त्यांनी कानस त्याच्यापुढे धरली.

"आतली बाजू झाली. बाहेरची राहिलीय. माझ्याच्यानं वाकवत नाही."

प्रल्हादने कानस घेतली, कारण दुसरे काय करावे हे त्याला सुचत नव्हते. तो पत्र्यापलीकडे गेला आणि घासू लागला. उन्हे कलेपर्यंत तो घासत होता. शेवटी कडेवरून बोट फिरवले तेव्हा ती गुळगुळीत लागली. अण्णांनी खिशातून एक रबरी बुश काढला, छिद्रात दाबून बसवला आणि ओढून पाहिला. निघाला नाही.

मग ते बोलले. "हा पत्रा कुठं जाईल, सांग."

"भंगारात."

"धड पत्रा कुणी वितळवायला नेत नाही. पत्रे उतरवणारे तो विकतील. नदीकडच्या वस्तीत कुणाच्या तरी घराची ही भिंत होईल. त्या घरात पहिली गोष्ट काय येईल? एक दिवा. त्या दिव्याची वायर आत कुठून घेतील? नवा होल पाडायला त्यांच्याकडं हत्यार नसतं. असलेल्या होलातूनच घेतील. मग वारा येईल, भिंत हलत राहील. पावसाळ्यात जमीन ओली होईल. घरातली बाई उठताना कशाला हात टेकेल?"

प्रल्हादने बुशावरून अंगठा फिरवला. मग कडवटपणे म्हणाला, "म्हणजे मालनवहिनीच्या बदल्यात ती बाई वाचली, असं समजायचं?"

"नाही," अण्णा लगेच म्हणाले. "बदल्यात काही मिळत नाही. मालन एकच होती, ती गेली. इथं दिवसभर घासलंस म्हणून तुझं ओझं रतीभरही उतरणार नाही, आणि ते उतरावं म्हणून मी तुला आणलंही नाही. केरबा दुःखात बोलला असं मी म्हणेन, असं तुला वाटलं होतं ना? तो बरोबर बोलला. तू सांगितलंस, हे खरं आहे. पण सांगितलेलं तारेवर चढत नाही, प्रल्हाद. तार आणि पत्रा यांच्यामध्ये काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर तार तोडावी लागते. त्या दिवशी दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. तुझे शब्द होते, ते हवेत होते."

प्रल्हादने मान खाली घातली. गावातल्या कुणाच्याही समजुतीच्या शब्दांनी त्याला जे दिले नव्हते, ते या शब्दांनी दिले. ते सांत्वन नव्हते. आपल्याला जे ठाऊक आहे ते आणखी एकाला ठाऊक आहे, एवढेच होते.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "या गावात असे किती पत्रे असतील?"

"असतील. सगळ्यांपर्यंत आपले हात पोचणार नाहीत. हे मला तुझ्या वयात कळलं, आणि तेव्हापासून मला कधी मनापासून बरं वाटलेलं नाही. हे काम करायचं तर त्या न बरं वाटण्यासकट करायचं. तेवढं सोसत नसेल तर पिशवी माझ्याकडं ठेव. मी तुला नावं ठेवणार नाही."

संध्याकाळी ते परतले. पिशवी प्रल्हादच्या खांद्यालाच राहिली. पुढे शेड उतरवली गेली. पत्रे ट्रॅक्टरमधून कुठे गेले हे त्याने पाहिले नाही आणि कुणाला विचारलेही नाही.

काही महिन्यांनी एका दुसऱ्या कारखान्यात मागाची मोटर बंद पडली म्हणून त्याला बोलावणे आले. आत गेल्यावर त्याला केरबा दिसला. केरबा आता तिथे कामाला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मोटर जोडता जोडता प्रल्हादची नजर मागाच्या मागे गेली. तिथून एक वायर पत्र्याच्या खिडकीच्या कडेवरून खाली उतरत होती. कवचावर पांढरी रेघ उमटली होती. केरबा ज्या जागी उभा राहून माग चालवी, तिथून ती हातभर अंतरावर होती.

प्रल्हादने मालकाला सांगितले. मालक म्हणाला, "बघू. ही पाळी संपू दे."

प्रल्हाद मेन स्विचपाशी गेला आणि त्याने तो पाडला. माग थांबले. मग तो पत्र्यापाशी आला आणि पकडीने ती वायर दोन्हीकडून तोडली.

एकच ओरडा झाला. मालक शिव्या देत पुढे आला. कामगारही भोवती जमले, कारण माग थांबला म्हणजे त्यांचा पगार थांबला. प्रल्हाद कानस काढून कड घासू लागला. तेवढ्यात केरबा पुढे आला.

"प्रल्हाद, चालू कर माग."

"केरबादा, ती तार बघा तरी एकदा."

"बघितलीया. रोज बघतुया."

"मग?"

"मग काय करू? हितनं बाहेर पडलो तर पोरीला काय घालू खायला?" केरबाचे डोळे कोरडे होते. "आणि तुला आता सुचलं व्हय रं हे? आता?"

प्रल्हाद घासत राहिला. कुणी पिशवी लाथाडली. मालकाने दंड धरून त्याला ओढले. पण वायर तुटलेली होती आणि ती जोडणारा दुसरा माणूस तिथे नव्हता, त्यामुळे शेवटी सगळे चरफडत बाजूला झाले. प्रल्हादने बुश बसवला, नवी वायर पाइपातून घेतली, क्लिपा मारल्या, अर्थिंग तपासले आणि स्विच वर केला. माग खडखडू लागले. केरबा आपल्या मागापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने धोट्यावर नजर लावली. त्याने मागे वळून पाहिले नाही. मालकाने दारापर्यंत येऊन सांगितले, "पुन्हा इकडं फिरकायचं नाही. बाकीच्या मालकांनाही सांगतो मी."

प्रल्हाद तसाच अण्णांच्या कट्ट्यावर जाऊन बसला आणि घडले ते त्याने सांगितले.

"आता कामं कमी मिळतील," अण्णा म्हणाले.

"होय."

"पोराबाळांचं कसं करशील?"

"माहीत नाही." मग तो म्हणाला, "केरबादानं वळूनसुद्धा बघितलं नाही, अण्णा."

"नाही बघणार."

"मग तिथं आता काय होईल?"

"काही होणार नाही," अण्णा म्हणाले. "पाळी संपली की केरबा घरी जाईल. पोरीला हाक मारील. दोघं जेवतील. उद्या तो परत कामावर येईल. आणि हे तुला कळवायला कुणी येणार नाही."

समोरच्या रस्त्याने पाळी सुटलेले कामगार सायकलींवरून घरी चालले होते. प्रल्हाद त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. कुणी त्याला ओळख दिली, कुणी तोंड फिरवले. माणसे धडपणे घरी पोचतात, आपल्याला या कामात मिळायचे ते एवढेच, हे त्याला त्या वेळी समजले. समजल्याने दुःख कमी झाले नाही. आपण ज्याला वाचवतो तो आपल्याला ओळखत नाही. ज्याला वाचवले नाही तो मात्र रोज मनात भेटत राहतो.